धरणाखालचा भोंगा

४ ऑगस्ट, धुळे

आज परत वाजला. साक्रीकडच्या पाड्यात, सकाळी सकाळी. वरच्या धरणात पाणी नेहमीएवढंच. तरी सगळे लेकरं-शेळ्या घेऊन टेकडीवर चढले. म्हाताऱ्या दगडीबाई घसरल्या — मनगट मोडलं.

फोन मानसिंगभाऊंचा. आपण बसवलेल्या पूर-इशाऱ्याच्या डब्याकडे तेच बघतात. ओरडले नाहीत. एवढंच म्हणाले, "सरिताताई, हाऊ भोंगा खोटं बोलस."

शालिग्राम सरांना सांगितलं. "रोज डबा बंद करून चालू करायला सांग. पाटबंधारे खात्याकडे हस्तांतरण होऊन जाऊ दे, मग बघू." कंपनी त्यांची. मी गप्प बसले. जेवताना सारखं मनगट डोळ्यांसमोर.

५ ऑगस्ट

ऑफिसातल्या दुसऱ्या डब्याचा सेन्सर बादलीवर टांगलाय. सेन्सर बदलला, वायर बदलली. फरक नाही.

७ ऑगस्ट

बादलीतलं पाणी हललंसुद्धा नाही, आणि स्क्रीनवर पातळी धोक्याच्या वर! मागे वळले तर माझ्यासोबत काम करणारी उषा टॉवेलने हात पुसत उभी. पांढरा टॉवेल, कॅमेऱ्याच्या अगदी समोर. "हलू नकोस," म्हटलं. टॉवेल बाजूला — पातळी खाली. परत समोर — वर.

कॅमेरा यंदाच जोडलाय, खात्याच्या साहेबांना धरणाचं चित्र दिसावं म्हणून. म्हणजे ढग धरणाच्या भिंतीवर उतरले, चित्र पांढरं झालं, की भोंगा वाजतो.

मग काळी ओढणी धरली. पातळी शून्य. बादली काठोकाठ भरली, तरी शून्य.

उषा म्हणाली, "म्हणजे रात्री पूर आला तर…" रात्री चित्र काळं, म्हणजे भोंगा गप्पच. खोटा वाजला त्याचंच दुःख करत बसले होते मी.

८ ऑगस्ट

दिवसभर ड्रायव्हर, म्हणजे सेन्सरशी बोलणारा प्रोग्राम, वाचला. सेन्सर पाण्याची पातळी मेमरीतल्या एका पत्त्यावर लिहितो, ड्रायव्हर तिथून उचलतो. तो पत्ता हे लिहून पुण्याला गेलेल्या हितेंद्रने नुसता आकडा म्हणून कोडमध्ये घालून ठेवलाय. ही जागा राखून ठेव, हे सिस्टीमला कुठेच सांगितलेलं नाही. सिस्टीमच्या हिशेबी जागा मोकळी. कॅमेरा आला, त्याने जागा मागितली, सिस्टीमने तीच देऊन टाकली. आता पाण्याच्या आकड्यावर चित्र उमटतं.

पुण्याला हितेंद्रला फोन केला. म्हणाला, "तेव्हा डब्यात दुसरं काही नव्हतंच गं." खरंय. तेव्हा नव्हतं.

१० ऑगस्ट

सरांना टॉवेल दाखवला. मग ओढणी. ओढणीनंतर ते खुर्चीत बसले.

"किती दिवस लागतील?"

"आठवडा तरी."

त्यांनी माझ्यासमोरच साहेबांना फोन लावला आणि हस्तांतरण पुढे ढकललं. शिव्या खाल्ल्या असणार, कान लाल झाले होते. माणूस वाईट नाही. मीच उगाच चार तारखेला गप्प बसले.

१३ ऑगस्ट

डबा चालू होतानाच ती जागा बाजूला निघते. ड्रायव्हर आधी मागतो, मिळाली तरच पुढे जातो. एवढं जमलं. पण नाहीच मिळाली तर? सर म्हणतात, काहीतरी आकडा दाखवू दे. मी म्हणते, नको. दिवसभर वाद. शेवटी ठरलं — जागा नाही तर आकडा नाही, पाड्यात लाल दिवा लागेल. दिवा दिसला की मानसिंगभाऊंनी धरणावर माणूस बसवायचा. यंत्राला कळत नसेल तर त्याने कळत नाही म्हणावं. एवढा मान माणसांना द्यायलाच हवा.

१७ ऑगस्ट

धरणावरच्या डब्यात नवा ड्रायव्हर घालून पाड्यात गेले. भोंग्याची वायर उपटून खुंटीला टांगलेली! मानसिंगभाऊ म्हणाले, "आते वाजना तरी कोणी उठाव नही, ताई." सगळे बघत होते. दगडीबाई प्लास्टरचा हात मांडीवर घेऊन ओट्यावर.

मी म्हटलं, दोन यंत्रांना एकच जागा दिली गेली होती. एकाचं लिहिलेलं दुसरं पुसत होतं. चूक आमची. माझ्या आवाजाचंच मला काही खरं वाटेना.

चाचणीपुरती वायर तात्पुरती अडकवली आणि मानसिंगभाऊंना धरणावर नेलं. कॅमेऱ्यासमोर टॉवेल धरला — शांत. ओढणी — शांत. मग सेन्सरखाली फळी सरकवली, पाणी वर आल्यासारखी. ओढणी तशीच. खाली पाड्यात भोंगा केवढ्याने वाजला.

परत आल्यावर दगडीबाईंनी विचारलं, "आते वाजना ते तू पळशी का?"

"वाजला तर मीही पळेन, आजी."

दगडीबाई मानसिंगभाऊंना म्हणाल्या, "आते वायर पक्की जोड."

१८ ऑगस्ट

काही नाही. झोपले दिवसभर.

२१ ऑगस्ट

साक्रीकडे सारखा पाऊस. पातळी चढतेय. मानसिंगभाऊ भिंतीवरच्या खुणा बघून फोनवर सांगतात — माझ्या स्क्रीनवर तेवढीच. सर आज तीनदा येऊन बघून गेले.

२३ ऑगस्ट

मानसिंगभाऊंचा फोन. पहाटे अंधारात भोंगा वाजला, सगळे टेकडीवर पळाले, मागून पाणी आलं. "बठ्ठा लोके वर शेतस, ताई. खाले एक बी घर नही."