बर्फातसुद्धा टू-स्ट्रोकच

श्री. कल्याणराव साडूबुवा यांस मिरजगावहून सहादेवचा रामराम.

इकडे आम्ही सुखरूप आहोत. (सविताचं नाक अजून वाहतं आहे, पण सर्दी काश्मीरची असल्याने ती कौतुकाने पुसते आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला तसं सांगतेही.) तुमचा ऊस कारखान्याला गेला की टोळीची वाट बघत उभाच आहे, राजेश्वरीताईंचा गुडघा थंडीत कसा आहे, आणि तुमची स्वतःची पित्ताची तक्रार शेंगदाण्याची चटणी सोडल्यावर कमी झाली का, हे सविस्तर कळवावं. हे सगळं फोनवरही विचारता आलं असतं, पण माझ्या तोंडून 'टू-स्ट्रोक' हा शब्द निघाला की देवळाली प्रवऱ्याची रेंज नेमकी जाते, असा माझा अनुभव आहे. पत्राला रेंज लागत नाही. फार तर तुम्ही ते फाडाल, पण फाडण्याआधी वाचाल, एवढं मी तुम्हाला ओळखतो.

गेल्या धोंड्याच्या महिन्यात सासूबाईंनी आपल्या दोघांना जेवायला बोलावलं होतं, ते तुम्ही विसरला नसालच, तरी आठवण देतो. पाट मांडले होते, पानात पुरणाचे धोंडे होते, वर तुपाची धार होती, आणि तुम्ही पहिला घास घेण्याआधी म्हणालात की माझा पाठीवरचा टू-स्ट्रोक इंजिनाचा फवारणी पंप म्हणजे धुराडं आहे. मी म्हणालो, धूर करतो पण काम करतो. तुमच्या फोर-स्ट्रोकसारखा पाठीवर झोपा काढत नाही. मग तुम्ही वजनावर आलात, मी ताकदीवर आलो, तुम्ही पेट्रोलच्या बचतीवर गेलात, आणि धोंडे गार झाले. शेवटी सासूबाईंनी दोन्ही ताटं उचलली आणि म्हणाल्या, "जावई म्हनून बोलावलं हुतं, मेस्त्री म्हनून न्हाई." तेवढ्यावर थांबलो असतो तर बरं झालं असतं. पण आपला मेहुणा गोरक्ष फौजेतून सुट्टीवर आलेला. तो म्हणाला, तिकडं बर्फावर दोन्ही इंजिनांच्या गाड्या पळतात, खरं-खोटं तिथंच कळतं. झालं. आपण पैज लावली की बर्फावर ज्याचं इंजिन हरेल त्याने दुसऱ्याच्या रानात येऊन फवारणी करून द्यायची, आणि निकाल लागेपर्यंत एकमेकांच्या उंबऱ्याला पाय लावायचा नाही. शपथ आपण घेतली, पाळावी मात्र सविता आणि राजेश्वरीताई या दोघी बहिणींना लागली. तेव्हापासून त्यांची भेट नाही. सविता हे मला रोज भाकरी वाढताना ऐकवते, आणि भाकरी जरा लांबूनच टाकते.

म्हणून आमच्या गावच्या मच्छिंद्रने काश्मीरची टूर काढली तेव्हा मी सगळ्यात आधी नाव दिलं. गावाला वाटलं, सहादेवने बायकोची हौस केली. (बायकोलाही तसंच वाटलं, आणि मी तो गैरसमज दूर केला नाही.) गुलमर्गला पोचलो तर जिकडे बघावं तिकडे पांढरं. आपल्याकडे चुनखडीचं रान असतं तसं, पण गार. भाड्याचे गमबूट चढवले. सविताने नऊवारीवर फौजी कोट घातला, वरून कानटोपी ओढली, आणि मला म्हणाली, "हसू नका, तुमी बी अस्वलच दिसताय." ती खुशीत होती. तिला तसं बघून मीही खुशीत होतो, हे पैजेच्या भरात सांगायचं राहू नये म्हणून इथेच लिहितो.

तिथे स्नो-स्कूटरी रांगेने उभ्या असतात. पुढे दोन फळ्या, मागे रबरी पट्टा, आणि मध्ये आपल्या वादाचा मुद्दा. रशीदभाई नावाच्या चालकाला मी आधी एकच विचारलं, टू-स्ट्रोक कुठली? त्याने एका जुन्या गाडीकडे बोट केलं. (माझं हिंदी तुम्ही शिर्डीत ऐकलं आहे, तरी त्याला कळलं.) दोरी ओढली आणि साडूबुवा, काय तो आवाज, काय तो निळा धूर! थेट माझ्या लिंबाच्या बागेत उभा असल्यासारखं वाटलं. सवितासाठी मात्र मच्छिंद्रने मुद्दाम फोर-स्ट्रोक ठरवली होती. तिला मागे टेकायला गादी, धूर नाही, आवाज नाही, शिलाई मशीन चालावं तशी घुरघुर. आता निष्पक्षपणे सांगतो. रस्ता दाबलेला होता तोवर ती गाडी बरी चालली. पण वर भुसभुशीत बर्फ लागला, आणि तुमची लाडकी फोर-स्ट्रोक आपल्याच वजनाने पोटापर्यंत रुतली, ऊस भरलेली ट्रॉली ओल्या रानात बसते तशी. माझी हलकी टू-स्ट्रोक तिच्या शेजारून उड्या मारत वर गेली. मी हात हलवला. सविताने हलवला नाही.

वर पोचल्यावर मी गाडी चालू ठेवूनच तुम्हाला दाखवायला फोटो काढून घेतले, पुढून, बाजूने, हँडल धरून. त्यात प्लगवर काजळी बसली आणि इंजिन बंद पडलं. हा इंजिनाचा दोष नव्हे, फोटोग्राफीचा आहे. आता प्लगची काजळी म्हणजे आमचा रोजचा खेळ. खिशात पॉलिश पेपरचा तुकडा होताच. (लिंबाला फवारणारा माणूस लग्नालासुद्धा तो घेऊन जातो.) रशीदभाईला बाजूला सारून मी प्लग खोलला आणि घासायला लागलो. बोटं मात्र गारठ्याने माझी राहिली नव्हती. प्लग सुटला आणि बर्फात गेला. पांढऱ्या बर्फात काळा प्लग लगेच दिसेल असं तुम्ही म्हणाल, मीही म्हणालो होतो. पण तो आत शिरतो आणि वरचं भोक बुजतं. त्यानंतर आम्ही खाली आलो. चहा प्यालो, त्याला कहवा म्हणतात, त्यात दूध विसरतात.

तर निकाल उघड आहे. बर्फावर टू-स्ट्रोक जिंकली. रुतली कोण, हे सगळ्या टूरने पाहिलं. फोटो सोबत पाठवतो, त्यात धूर नीट आला आहे. पैज मोठ्या मनाने मान्य करावी, एवढीच अपेक्षा. राजेश्वरीताईंना नमस्कार, पोरांना आशीर्वाद.

आपला,
सहादेव

ता. क. पैजेप्रमाणे तुम्ही माझ्या बागेत फवारणीला यायचं आहे. मी घाई केली नसती, पण लिंबाला नवी पालवी फुटली आहे आणि नागअळीने पानांवर रेघोट्या ओढायला सुरुवात केली आहे. या आठवड्यातच यावं.

ता. क. २. येताना तुमचा फोर-स्ट्रोक पंप आणावा. गैरसमज नको, माझा उत्तम आहे, फक्त विश्रांती घेतो आहे. रशीदभाई म्हणाला होता की तिथे पेट्रोलमध्ये तेल जरा सढळ हाताने घालतात. मी घरी येऊन तसंच मिश्रण केलं. काश्मीरचं प्रमाण कर्जत तालुक्याच्या उन्हात मानवलं नाही, प्लग डांबरासारखा झाला. तो काढून घासून पडवीत सुकायला ठेवला, तर नाहीसा झाला. बहुतेक मांजराने नेला. एवढ्या जुन्या पंपाचा प्लग नगरलाही मिळेना, दुकानदार पंपाचं वय विचारून हसला.

ता. क. ३. (हे सविता लिहिते आहे. पाकीट चिकटवायला माझ्याकडे दिलं म्हणून.) दाजी, नमस्कार. यांनी डोंगरावरून खाली कसे आलो ते लिहिलेलं नाही. माझी गाडी लोकांनी ओढून काढली आणि यांची प्लगावाचून तिथेच राहिली. हे माझ्या मागे, फोर-स्ट्रोकवर बसून आले, डोळे मिटून, माझा कोट दोन्ही हातांनी धरून. खाली आल्यावर गाडी चांगली आहे असंही म्हणाले, पण हळू. तेव्हा कोण जिंकलं ते तुम्ही दोघं जेवताना ठरवा, मी ताटं उचलणार नाही. मांजराचा काही दोष नाही. प्लग शेवयांच्या डब्यात मी ठेवला आहे. ताई आमच्या उंबऱ्याच्या आत आली की तो यांना सापडेल. गुडघ्यामुळे ती नको म्हणेल, तिचं ऐकू नका, टेकायला गादी असलेली गाडी करून आणा. पंप राहिला तरी चालेल.