साठ हजारांचं कार्ड आणि खिडकीजवळची खुर्ची

खारघर, गुरुवार

ती. गोजराबायच्या पायांवर धाकटा भाऊ शिवा याने डोकं ठेवलं आहे, असं समजावं.

आम्ही इकडे अकराव्या मजल्यावर खुशाल आहोत, लिफ्ट बंद असली की थोडे कमी. तुझे गुडघे कसे आहेत? भाऊजींचा खोकला? शेळी बरी आहे ना? शेळीचं का विचारतो ते पुढे येईल. आपलं गाव विमानतळासाठी उठलं, त्या वर्षीच्या जत्रेपासून तू माझा फोन उचलत नाहीस. आठ वर्षं झाली. म्हणून हे पत्र. तुझा हरेश वाचून दाखवील. (हरेश, बाळा, कंसातलं मनातल्या मनात वाच. आईला ऐकवू नकोस. मामा तुला बूट घेऊन देईल.)

तर हकिगत अशी, की मी एक क्रेडिट कार्ड घेतलं आहे. जमिनीच्या बदल्यात मिळालेला प्लॉट विकला, रक्कम खात्यात आली आणि तिसऱ्याच दिवशी बँकेतून रूपेश नावाच्या मुलाचा फोन आला. म्हणाला, साहेब, आमचं एक खास कार्ड आहे, ते मागून मिळत नाही, त्याचं निमंत्रण यावं लागतं आणि ते तुम्हाला आलंय. आता बाय, निमंत्रण म्हटल्यावर आपल्यात कोणी हात हलवत जातं का? मी तुझ्या भावजयीला, सखूला घेतलं, दोन चुलत भाऊ आणि त्यांच्या बायका घेतल्या, नारळ, पेढे, शाल-टोपी असा सगळा आहेर घेतला आणि आम्ही सहाजण नटूनथटून बँकेत हजर झालो. सखूने नाकात नथ घातली होती. रूपेश भला मुलगा. टोपी घालून घेतली, नारळ कुठे ठेवावा ते न कळून कीबोर्डवर ठेवला, सखूच्या पाया पडला आणि मग हळूच म्हणाला, की फी वर्षाला साठ हजार, वर कर वेगळा. निमंत्रण देऊन आहेराचा आकडा आधीच सांगणारा यजमान मी जन्मात पहिल्यांदा पाहिला. पण भावकी समोर बसलेली, नाही कसं म्हणणार? सही केली. (हरेश, ‘सही’ शब्दावर आईचं तोंड कसं झालं ते मला कळव.)

कार्ड आलं ते मखमली डब्यातून. प्लास्टिकचं नाही, धातूचं. खिशात ठेवलं की सदरा एका बाजूला कलतो. मासळीबाजारात जिताडा घेतला आणि ऐटीत कार्ड पुढे केलं, तर मासेवालीने ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि म्हणाली, “दादा, यो पतरा माना नको, पैसं दे.” घरी येऊन मी कपाळावर हात मारून बसलो, तेवढ्यात सखूने त्याच कार्डाने जिताड्याची खवलं काढली. काम झकास झालं. (तिला ते आता ओट्यावरच हवं असतं. मी रोज धुऊन, पुसून पाकिटात ठेवतो. तरी वास येतोच.)

कार्डाबरोबर चोवीस तास फोनवर सेवेला एक मुलगी दिली आहे, प्राची. बोलते इतकं गोड, की आपल्याला उगाच अपराधी वाटतं. जगात कुठेही जेवायचं टेबल राखून ठेवते, कुठलीही तिकिटं मिळवते, काहीही सांगा म्हणाली. मी म्हटलं, माझी थोरली बहीण उरणकडे असते, आठ वर्षं रुसली आहे, तिला समजावून आणता येईल का? पोरीने मला होल्डवर टाकून गाणं ऐकवलं. मग म्हणाली, “सर, ही सुविधा आपल्या कार्डवर अव्हेलेबल नाहीये. फ्लॉवर्स पाठवू का?” म्हटलं पाठवा. दिवाळीत तुझ्या दारात ती निळी विलायती फुलं आली, ती त्यातली. तू ती उंबऱ्याच्या आत न घेता शेळीला घातलीस असं कळलं. बाय, ती फुलं तीन हजारांची होती. म्हणून शेळीची चौकशी केली, बाकी काही नाही.

आता मोठा फायदा राहिला. विमानतळावर लाउंज नावाची मोठी बैठकीची खोली असते, तिथे या कार्डावर माणसाला बसायला आणि पोटभर जेवायला फुकट, सोबत पाहुणाही चालतो. मात्र विमानाचं तिकीट लागतं. आम्हाला कुठेच जायचं नव्हतं. पण फी भरली होती, म्हणून जेवायला जाण्यासाठी गोव्याची जाऊन-येऊन दोन तिकिटं काढली, चौदा हजारांची. आपल्या नव्या विमानतळावर उपमा, इडली, केक आणि तीन वेळा कॉफी घेतली. (खिडकीजवळच्या खुर्चीवरून माझं एका जाड्या गृहस्थाशी थोडं वाजलं. तो विषय मागाहून.) गोव्यात उतरलो, परतीच्या विमानाला वेळ होता, तिथल्या लाउंजमध्ये जेवलो आणि घरी आलो. समुद्र पाहिला नाही. सखू म्हणाली, या पैशांत मी तुम्हाला वर्षभर उपमा केला असता.

थोडक्यात, बाय, हे कार्ड म्हणजे निव्वळ पैशांची नासाडी. एकतीस तारखेला पुढच्या वर्षाची फी भरायची होती. सखूने बजावलं, बंद करा. मीही तिला हो म्हटलं आहे. भाऊजींना नमस्कार, हरेशला आशीर्वाद.

तुझाच,
शिवा

ता. क. फी भरली. सखूशी तू बोलतेस हे मला ठाऊक आहे, तिला सांगू नकोस.

ता. क. २. का भरली ते सांगतो. बा आपल्याला शेतात उभं करून शिकवायचा, आठवतं? प्रबळगडाचा माथा नाकासमोर आणि कर्नाळ्याचा सुळका उजव्या खांद्याशी आला, की पायाखाली आपलं खळं. त्या दिवशी लाउंजमध्ये उपमा खाता खाता खिडकीतून दोन्ही दिसले. मी बशी घेऊन सरकत सरकत गेलो, तर कॉफीच्या मशीनशेजारच्या खुर्चीपाशी बरोबर जुळलं. तिथे तो जाडा गृहस्थ बसलेला. त्याला म्हटलं, उठा, हे आमचं खळं आहे. तो उठेना. चाळीस मिनिटांनी कॉफी आणायला उठला तसा मी बसलो. विमानाची शेवटची हाक झाली तरी मी उठेना, शेवटी सखूने दंडाला धरून नेलं. खूप रडू आलं, तिला म्हटलं मिरची लागली. (तेव्हा हातात केक होता आणि केकात मिरची नसते हे तिलाही माहीत आहे.)

ता. क. ३. येत्या बुधवारी सकाळी दहाची दोन तिकिटं काढली आहेत, तुझं आणि माझं. तुझ्या आधारचा फोटो हरेशने दिला, त्याला रागावू नकोस. गाडी साडेसहाला दारात येईल. नुसतं बसून परतता येत नाही, पोलीस विचारतात, तेव्हा गोव्याला जाऊन यावं लागेल. तांदळाच्या चार भाकऱ्या बांधून घे. तिथे सगळं मिळतं, भाकरी मिळत नाही.

(हरेश, एवढा एकच कंस मोठ्याने वाच. बाय, जत्रेला तू पोरांसाठी खाऊची पिशवी घेऊन आलीस आणि घराच्या जागी जेसीबी उभा होता. घर-जमिनीच्या कागदांवर सही मी करून बसलो होतो आणि तुला सांगायची माझी हिंमत झाली नव्हती. चुकलो. खळ्याची जागाही मी मोतीबिंदूच्या डोळ्यांनी लावली आहे, तीही चुकली असेल. तू थोरली, तुला नेमकी ठाऊक. ये आणि सांग. तू म्हणशील तिथे खुर्ची सरकवू.)