पाकोळ्या, बुरशी आणि भिंतीतलं भोक

४ नोव्हेंबर २०२०, ल्यूकन

थुंकीचं घरटं! काडी नाही, गवत नाही — नुसती थुंकी. आज कळलं. बहात्तर वर्षं फुकट गेली म्हणायची!

विनयचं, म्हणजे माझ्या मुलाचं, सँट्रीचं ऑफिस करोनामुळे बंदच आहे. माझ्या खोलीत टेबल टाकून बसतो. त्यांची कंपनी हवेतली ओल मोजायची यंत्रं करते. मलेशियात कुणी मिसेस लिम आहेत, कंपनीच्या गिऱ्हाईक; त्यांनी पाकोळ्यांसाठी तीन मजली घर बांधलंय. आत माणूस राहत नाही. सगळा अंधार, छताला फळ्या, आणि फळ्यांना घरटी. पिल्लं उडून गेली की रिकामी घरटी काढतात आणि त्यांचं सूप करतात.

"दॅट्स ग्रोस, आबा!" इति तन्वी, माझी नात, वय वर्षं नऊ.

म्हटलं, मध म्हणजे तरी काय असतं गं?

९ नोव्हेंबर

आमचा सकाळी अकराचा चहा म्हणजे मलेशियात तिन्हीसांज. पाखरं घरी परततात. विनयच्या पडद्यावर तिथला कॅमेरा दिसतो; त्यात नुसत्या काळ्या रेघा सळसळतात, पण आवाज काय गोड! टिकटिक करत अंधारात वाट काढतात म्हणे.

लहानपणी वेंगुर्ल्याहून होडीनं खडकांकडे गेलो होतो. तिथल्या गुहेतून अशाच निघाल्या होत्या, धुरासारख्या. होडीवाला म्हणाला होता, "पाकोळ्यो त्यो." शाळेत घरट्यावरची एक कविता पाठ होती. बाकावर उभं राहून म्हणायचो. चाल येते, शब्द येत नाहीत. दिवसभर गुणगुणत होतो. शेवटी विनय म्हणाला, "बाबा, मीटिंग आहे."

१७ नोव्हेंबर

पाखरं कमी होताहेत. विनयचा चेहरा उतरलाय. ही त्याची पहिलीच स्वतंत्र जबाबदारी.

मला समजलं ते असं. ओल तर हवीच, नाहीतर घरटं सुकून फळीवरून सुटतं. पण फार झाली की बुरशी, आणि बुरशीवर थुंकी धरत नाही. पाखरू दोन दिवस प्रयत्न करतं, मग निघूनच जातं. एकदा गेलं की परतेलच असं नाही. यंत्र म्हणतं पंच्याऐंशी टक्के, म्हणजे बरोबर. तरी कोपऱ्यातल्या फळ्या पांढऱ्या पडल्यात. का?

मलाही आता ह्या 'का'नं पछाडलंय!

१८ नोव्हेंबर

मिसेस लिमना आज प्रथमच पडद्यावर पाहिलं. माझ्याच वयाच्या असतील. माझ्या माकडटोपीला हसल्या. विनय त्या घरातले पाण्याचे फवारे कमी करू का विचारत होता. त्या म्हणाल्या, "कर. पण लक्षात ठेव मुला, घर त्यांचं. आपण राखणदार."

२ डिसेंबर

थंडी. खिडकी कधी उघडतच नाही. स्मृती, माझी सून, हॉस्पिटलातून दमून येते आणि धुणं माझ्याच खोलीतल्या रेडिएटरवर वाळत घालते. बाहेर वाळणार कसं? इथला पाऊस पडत नाही, नुसता हवेत उभा राहतो.

थोडा खोकला आहे. घरात कुणाला सांगितलं नाही — हल्ली खोकला म्हटलं की काय गहजब!

गावच्या घराची फार आठवण येते. तीन महिन्यांसाठी इकडे आलो होतो, विमानं बंद झाली आणि अडकलो. निघताना शेजारच्या हरीशला बजावलं होतं, सगळं गच्च बंद ठेव, झरोक्यांनाही प्लास्टिक ठोक, पावसाचा थेंब आत येता कामा नये. शाळेत शिकवायला होतो तेव्हापासूनची कवितांची पुस्तकं आहेत आत. गेलो की ती कविता शोधायची. परत जाण्याचं ते एक कारण पुरेसं आहे.

११ डिसेंबर

आज खरी गंमत!

माझा चष्मा पलंगामागे पडला. विनयनं पलंग सरकवला, तर मागची भिंत काळीकुट्ट. बुरशी!

"बाबा, इथलं व्हेंट कुठे गेलं?"

इथे प्रत्येक खोलीच्या भिंतीत मुद्दाम एक भोक ठेवतात. हिवाळ्यात, आणि भोक! गार वारा थेट मानेवर. मी आल्या आल्याच माझा जुना पंचा कोंबून वरून टेप मारला होता. छान चिकटवला होता की.

"भोक कुणी बुजवतं का, बाबा? हवा खेळायला नको?"

म्हटलं, पैसे देऊन घर गरम करायचं आणि भोकातून बाहेर सोडायचं, हा कुठला शहाणपणा?

तो भांडायच्या तयारीत होता. तोंड उघडलं, आणि तसाच थांबला. हातात पंचा. मग पळत टेबलापाशी.

मिसेस लिमना फोन. घराच्या हवेच्या भोकांना काही लावलंय का? त्या म्हणाल्या, हो, घुबड आत शिरत होतं. त्यांनी पोती कोंबली होती. पावसानं भिजलेली पोती! यंत्र मधल्या दालनात, म्हणून आकडा बरोबर. कोपऱ्यात मात्र हवा मेलेली.

स्मृती म्हणाली, "दोन देश, एकच उद्योग." खोकला माझा तेवढ्यात निघाला आणि पकडलोही गेलो. टेस्ट झाली. काही नाही, बुरशीच.

लगेच हरीशलाही फोन लावला. सगळं उघड! झरोके, खिडक्या, सगळं! आणि कायम उघडं ठेव!

१३ डिसेंबर

हरीशचा फोन. "अण्णा, पुस्तकांक बुरशी इली हा. पडवीत उन्हात घातलंय. काळजी करू नकात." त्या कवितेचं पान शाबूत आहे की नाही, विचारायचा धीर झाला नाही.

६ जानेवारी २०२१

तिकडे पोती काढून जाळ्या बसवल्या, फळ्या घासल्या. पाखरं अजून नाहीत. अकराचा चहा निवत राहतो.

२२ जानेवारी

एक जोडी!! कोपऱ्यातल्याच फळीवर! तन्वीनं सगळ्यांत आधी पाहिली. म्हणाली, "लूक आबा, दे आर स्पिटिंग!" विनय ऑफिसच्या कॉलवरच ओरडला. मिसेस लिमनी पदर असता तर डोळ्यांना लावला असता.

८ फेब्रुवारी

माझंही तिकीट झालं, ६ मार्चचं, दोहामार्गे. बॅग प्रेसमधून काढली — इथे कपाटाला प्रेस म्हणतात. तन्वीनं तीत तिचं एक चित्र घातलंय. दिवसातून चार वेळा बॅग उघडून बघतो.

हरीशला सांगितलं, माझी खोली झाडून ठेव.

१४ फेब्रुवारी

हरीशचा फोन. "अण्णा, खोली झाडूक गेलंय. तुमच्या खाटीच्या वर, झरोक्यात, पाकोळीन घरटा बांधल्यान हा. काढू काय?"

विनयला म्हटलं, तिकीट पुढे ढकल. पिल्लं उडेपर्यंत.