दोन बोटं कमी

नेपल्स, ३ मार्च १८८७
पोचले एकदाची! इस्किया बेटावरून येताना बोटीत पोटातलं सगळं समुद्राला वाहिलं, पण आता चित्रशाळेत बसून लिहितेय, म्हणजे जगले म्हणायची. गुरुजी डॉन अनिएल्लो डाव्या कानाने ठार बहिरे आणि तोंडाने तिखट. माझी चित्रं बघून म्हणाले, ही माणसं आहेत की उकडलेले बटाटे? मी म्हटलं, म्हणूनच तर आलेय. मला आईचं चित्र काढायचंय, तैलरंगात. ती थकत चाललीय. तिचा चेहरा माझ्यापाशी राहायला हवा, बस्स. मग जरा मऊ झाले.

भिंतीवर काळ्या शालीतली बाई आहे, दोनशे वर्षांपूर्वीच्या उस्तादाच्या हातची. आधी तिची नक्कल, मग आई. नियम एकच, नक्कल मूळ चित्राहून दोन बोटं लहान हवी. का, असं विचारलं तर गुरुजींनी डावा कान पुढे केला.

७ मार्च
गुरुजी आठवडाभर बहिणीकडे गेलेत. सुताराने कापड ताणलेली चौकट चुकून दोन बोटं मोठी पाठवली, म्हणजे नेमकी मूळ चित्राएवढी. बरंच झालं! लहान करायची तर प्रत्येक मापाला डोकेफोड. आता कंपास तिकडे टेकवायचा, तोच इकडे टेकवायचा. गुरुजींना कोण सांगतंय? तपकिरी रंगात अख्खा चेहरा तासाभरात बसला. बटाटे म्हणे!

१० मार्च
दोन्ही कान रंगवले. ओढावेसे वाटतात, इतके जिवंत. दुपारपासून चर्चच्या घंटा ऐकू येत नाहीत. खाली मासेवाली तोंड उघडतेय, आवाज नाही. सर्दी कानात उतरली असेल.

१२ मार्च
ओठ केले. पाववाल्याकडे गेले तर शब्दच फुटेना. बोट दाखवून पाव घेतला. मेला हसला.
कान रंगवले, कान गेले. ओठ रंगवले — छे, उगाच. पण भीती वाटतेय. उद्या ब्रशला हात लावायचा नाही.

१३ मार्च
लावला नव्हता. मदोन्ना मातेची शपथ. शुद्धीवर आले तेव्हा ब्रश हातात होता. नाक झालंय. तेलाचा वास येत नाही —

१४ मार्च
गुरुजी परतले. बोटांनी कापड मापलं आणि धावत खडू आणला. पाटीवर लिहून दाखवलं, की तरुणपणी त्यांनीही हाच आगाऊपणा केला होता. एक कान होताच त्यांच्या गुरूंनी कापड कापलं. तो कान गेला तो गेलाच.
माझंही कापायला घेतलं. चाकू टेकला आणि माझ्या कपाळातून रक्त आलं. उशीर झाला, असं लिहून रडायला लागले.
मीही पाटीवर खरडलं, मेल्या म्हाताऱ्या, हे आधी सांगायला काय झालं होतं? लाज वाटली म्हणे.
डोळे तेवढे उरलेत.

१५ मार्च
उजवा हात खाटेला बांधून गुरुजी आईला आणायला गेले, माझे डोळे जायच्या आत. डाव्या हाताने लिहितेय. बोट वेळेवर येऊ दे.

१६ मार्च
दोरी तुटलीय. उजवा डोळा — त्या काळ्या शालीवालीचा झाला. माझ्या उजवीकडे काळोख. मी हात चावला, तरी थांबला नाही —

१७ मार्च
दुसराही रंगवलाय. बुबुळातला पांढरा ठिपका तेवढा राहिलाय, म्हणून दिसतंय अजून. त्याच्याशिवाय डोळा बघत नाही, असं गुरुजींनी शिकवलं होतं.
दारात आई! ओठ हलतायत. तितीना म्हणत असेल. बघून घेते — गालावरचा तीळ — कपाळावरच्या आठ्या — गुरुजी माझा ब्रशचा हात धरतायत, तो आवरत नाही — आई, इकडे, उजेडात ये, अजून तुझे डोळे नीट —