चव्वेचाळिसाव्या मिनिटाचा प्रश्न

ग्रोनिंगन, ९ मार्च

प्रिय (हो, अजूनही) फेन्ना,

आधी अभिनंदन. पाच आठवडे उशीर झाला खरा, पण हे पाच आठवडे मी तुझ्या वतीने अभिनंदनं स्वीकारण्यात इतकी गुंतले होते की तुझं करायला सवडच झाली नाही. आपल्याकडची रीत तुला ठाऊकच आहे: बायकोचा वाढदिवस असला की नवऱ्याचं अभिनंदन, नातू पास झाला की आजीचं. तुला कर्करोग निधीचं चाळीस लाख युरोंचं अनुदान मिळालं आणि माझं अभिनंदन रुग्णालयाच्या सायकलतळापासूनच सुरू झालं. वर पोचले तर शेजारच्या टेबलावरचा बाउके वाटच बघत होता. "रेन्स्के, अभिनंदन हं मैत्रिणीबद्दल! केक कुठाय?" म्हटलं, अनुदान तिचं, केक मी का आणू? "मैत्रीण तुझी ना? मग! आणि सफरचंदाचा आण. मागच्या वेळचा तुझा घरचा केक दोन दिवस पोटात दगडासारखा बसला होता." आणला सफरचंदाचा. कापताना सुरी जरा जास्तच जोरात चालली असेल, कारण बाउके म्हणाला, "हळू, ताटली आपली आहे."

मेल न करता हाताने लिहितेय, कारण तुझी मेल तुझ्याआधी तुझी सेक्रेटरी वाचते आणि हे तू एकटीने वाचायला हवं. तेही दोन एप्रिलच्या आत. त्या दिवशी तुझ्या चाचणीतल्या पहिल्या रुग्णाला औषध दिलं जाणार आहे. अनुदान जाहीर होण्याआधीच सगळ्या परवानग्या घेऊन ठेवल्या होत्यास म्हणे. तू तशीच. मला सांगायचंय ते तुझ्या पेशींबद्दल. आपल्या पेशींबद्दल. माझ्या पेशींबद्दल. बघ, पहिल्याच पानावर भांडण सुरू झालं.

तळघरातली ती प्रयोगशाळा आठवते? खिडकी एक, तीही रस्त्याच्या पातळीवर, त्यामुळे पोस्टमा सरांना सगळा गाव बुटांवरून ओळखता यायचा. आपण तिघं होतो: तू, मी आणि श्यूर्ड. शस्त्रक्रिया झाली की स्वादुपिंडाच्या गाठीचा तुकडा बर्फात घालून मी सायकलवरून आणायची. मग तो बारीक करायचा, ताटलीत पसरायचा, गुलाबी खाद्य घालायचं आणि मरताना बघायचं. सहा रुग्णांच्या पेशी मेल्या. सातवा डेल्फझेलचा बोटवाला. त्याच्याही पेशी तीन आठवडे सुस्त पडून होत्या, आणि एका सोमवारी बघते तर ताटली भरलेली! मी जिन्यावरून ओरडत वर गेले होते. एकोणीस महिन्यांचं काम होतं ते, फेन्ना. प्रत्येक नळीला हिरवी पट्टी मी लावली, अंक मी लिहिले. त्यातल्या सहा नळ्या तू पुढे घेऊन गेलीस, आणि पेशींच्या सार्वजनिक पेढीत जमा करताना त्यांचं नाव ठेवलंस एफटी-७. फेन्ना टर्पस्ट्रा, सात. सात तेवढा माझा राहिला.

मी चिडले नाही. म्हणजे तुला कळेल अशी चिडले नाही. तुझ्या प्रत्येक शोधनिबंधाच्या तळाशी 'तांत्रिक मदतीबद्दल आर. हूकेमा यांचे आभार' असायचं. सुरुवातीला ती ओळ मी कापून ठेवायची, नंतर नुसती मोजायची, अठ्ठावीसनंतर मोजणंही सोडलं. तुला बोस्टनचं बोलावणं आलं तेव्हा मी आईच्या गुडघ्याच्या शस्त्रक्रियेसाठी रजा मागत होते. तू प्राध्यापक झालीस तेव्हा मी इथल्या जनुक-तपासणी विभागात कायम झाले. पगार बरा, खुर्ची फिरती. टीव्हीवर तू बोलायला लागलीस की मी आवाज बंद करून नुसते हात बघायची. हात छान हलवतेस. पूर्वी नव्हतीस हलवत. याला हेवा म्हणतात हे मला ठाऊक आहे. त्याला दुसरं कुठलंही शहाणं नाव देण्याचे माझे पंचवीस वर्षांचे प्रयत्न वाया गेले आहेत.

आता तुझ्या प्रबंधाचा दिवस. सन दोन हजार, मे महिना. तू मधोमध उभी, आणि रिवाजाप्रमाणे दोन्ही बाजूंना दोन पाठीराख्या: डावीकडे तुझी बहीण, उजवीकडे मी, भाड्याच्या काळ्या कोटात, जो काखेत उसवलेला होता म्हणून मी दिवसभर हात वर केला नाही. पंचेचाळीस मिनिटं परीक्षक प्रश्न विचारणार, मग घुंगरांचा दंड आपटत चोपदार आत येणार, 'वेळ झाली' म्हणणार, आणि त्यानंतर उमेदवाराने अर्धं वाक्यही पुरं करायचं नसतं. चव्वेचाळिसाव्या मिनिटाला लायडनहून आलेले ते म्हातारे परीक्षक उठले. ऐकायला येत नाही म्हणून सगळे ज्यांच्याशी ओरडून बोलत होते, तेच. त्यांनी अगदी हळू विचारलं, "बाई, या पेशी त्याच रुग्णाच्या आहेत, हे कशावरून?"

तू माझ्याकडे बघितलंस. आपल्या विद्यापीठात पाठीराखीने उत्तर दिलं तर चालतं. मी तोंड उघडलं, आणि दार उघडलं. घुंगरं वाजली. सभागृह हसलं, म्हातारबुवाही हसले आणि खाली बसले. नंतर बिअर घेताना तू माझ्या कानात म्हणालीस, "वाचलो गं!" मी ताठ्यात म्हटलं, "वाचायचं काय त्यात? माझ्याच तर पेशी आहेत." खरं सांगू? मी तोंड उघडलं होतं, पण त्यातून काय बाहेर पडणार होतं ते मला आजही माहीत नाही. पडताळलं नव्हतंच आपण. त्या काळी कोण पडताळत होतं!

गेल्या नोव्हेंबरात कळलं की तू अनुदानाच्या शेवटच्या फेरीत आहेस. त्या आठवड्यात माझं डोकं फिरलं. ठरवलं, आता बस्स. या पेशी माझ्या हातच्या आहेत हे पुराव्यानिशी निधीला कळवायचं. पत्राचा मसुदाही केला. त्यात 'न्याय्य' हा शब्द तीनदा आला होता. पुरावा अगदी सोपा: बोटवाल्याच्या मूळ गाठीचा तुकडा मेणात बुडवलेला इथे आमच्या संग्रहात आहे, आणि पेशींची नळी पेढीतून मागवता येते. दोन्हींची जनुकीय ओळख शेजारीशेजारी ठेवायची, सोबत माझी त्या काळातली नोंदवही. माझं रोजचंच काम. वडील कोण, भाऊ कोण, हे मी आठवड्यातून चाळीसदा बघते.

जुळलं नाही.

पुन्हा केलं. मग नवा तुकडा कापून घेतला, नवी नळी मागवली. सोळापैकी अकरा ठिकाणी फरक. एफटी-७ त्या बोटवाल्याच्या नाहीत, फेन्ना. त्याच्या कुणा नातलगाच्याही नाहीत. मी फिरत्या खुर्चीत बसून बराच वेळ फिरत होते, आणि मग मला ती बाटली आठवली. गुलाबी खाद्याची अर्धी उरलेली बाटली. पोस्टमा सर म्हणायचे ना, "अर्धी बाटली ओतून देणारा माणूस माझ्या प्रयोगशाळेत नको". आणि आपण तिघंही दह्याची बाटली खरवडून खाणाऱ्या घरांत वाढलेले. श्यूर्ड त्याच्या मूत्राशयाच्या गाठीच्या पेशींना खाद्य घालायचा आणि उरलेली बाटली माझ्याकडे सरकवायचा. "घे, कशाला नवी उघडतेस." मी घ्यायची. एक थेंब पुरतो. माझ्या सुस्त पेशी मेल्या असतील आणि त्याच्या दांडग्या पेशींनी ताटली भरली असेल, त्या सोमवारी, ज्या सोमवारी मी जिन्यावरून ओरडत गेले.

श्यूर्डला फोन केला. तो आता फ्रीसलंडमध्ये बिअर गाळतो, खूष आहे. "अगं, तुझी ती हट्टी कार्टी अजून जिवंत आहेत?" म्हणाला. म्हटलं, तुझी आहेत ती. मागे गडगडणारं यंत्र त्याने बंद केलं. मग म्हणाला, "म्हणजे फेन्ना पंचवीस वर्षं माझ्या पेशींवर… आणि मी इथे जवाचं पीठ ढवळतोय?" त्याची एक जुनी नळी पेशी गोठवून ठेवायच्या आमच्या जुन्या पिंपाच्या तळाशी सापडली. ती एफटी-७ शी सोळाच्या सोळा ठिकाणी जुळली. त्याने त्या कधी कुठे जमा केल्या नव्हत्या, म्हणून जगातली कुठलीच यादी ओरडली नाही. तू दर वर्षी तपासणी करून घेतेस ते मी वाचलंय. पण तू ती पेढीतल्या नोंदीशी ताडतेस, आणि नोंद आपणच केलेली. आरशाला विचारायचं, हा चेहरा माझाच ना?

तर तुझं औषध मूत्राशयाच्या पेशी मारतं. सुरेख मारतं. उंदरांतही मारतं, कारण उंदरांत तू त्याच पेशी वाढवल्यास. स्वादुपिंडाच्या गाठीला ते काही करेल, असं मानायला कुणाकडेही काहीच आधार नाही.

आता तू विचारशील, नोव्हेंबरपासून गप्प का? घाबरले, म्हणून नाही. चूक माझीच होती म्हणूनही नाही. फेन्ना, मी खूष होते. आयुष्यात पहिल्यांदा मला तुझा हेवा वाटत नव्हता. अनुदान जाहीर झालं त्या दिवशी मी टीव्हीचा आवाज चालू ठेवला, चहाबरोबर एकाऐवजी दोन बिस्किटं घेतली, आणि तुला हात हलवताना बघत मनात म्हटलं, चढ, अजून चढ. कधीतरी कुणीतरी काढेलच हे शोधून; मी कशाला? माझ्या हक्काचं ते न्याय्य पत्र मी फाडलं तेही फार झपाट्याने. पेशी माझ्या असाव्यात अशी इच्छा पंचवीस वर्षं जपली होती, ती एका दुपारी गेली. तीन महिने असे छान गेले. लिहायला लाज वाटते, पण 'वाईट गेले' लिहिलं तर खोटं होईल.

काल दुपारी आमच्या कुंपणापलीकडचे रूलोफ आले. एकाहत्तर वर्षांचे, जन्मभर कालव्यावरचा पूल उघडायचं आणि मिटायचं काम केलं, आणि अजून कुणी घाईत दिसलं की हात आडवा धरतात. ख्रिसमसच्या सुमाराला त्यांचे कपडे सैल झाले. स्वादुपिंड. हातात वाइनची बाटली होती. "शेजारीणबाई, अभिनंदन!" मी म्हटलं, आता कशाबद्दल? "तुमच्या मैत्रिणीबद्दल! घेतलं मला तिने. चोवीसांत माझा नंबर तिसरा." त्यांची बायको आली मागून. "सांग की त्यांना केमोचं," म्हणाली. "काय सांगायचं त्यात?" रूलोफ म्हणाले. "डॉक्टर म्हणाले, नेहमीचं केमो घेतलंत तर थोडे महिने मिळतील, पण मग या यादीतून बाद. मी म्हटलं, राहू दे तुमचं केमो. शेजारीणबाईंची मैत्रीण आहे ती, उगाच का देतील तिला एवढे पैसे?" बायको म्हणाली, "याला माझ्या माहेरची माणसं कधी पटली नाहीत, पण तुमची मैत्रीण लगेच पटली." दोघं हसले. आणि मी, मला क्षमा कर, मी बाटली हातात घेऊन 'थँक यू' म्हटलं.

हे पत्र त्यासाठी. निधीला पाठवायचं पत्र तयार आहे. सगळे आकडे, चारही तपासण्या, आणि मला हे नोव्हेंबरपासून ठाऊक होतं, हे वाक्यही. ते वाक्य चारदा खोडून पाचव्यांदा लिहिलंय. सोमवारी, सतरा तारखेला, ते माझ्या हाताने पोस्टात पडेल. त्यात बदल नाही, विनवू नकोस. पण मधले आठ दिवस तुझे आहेत. आकड्यांची प्रत आणि मेणाच्या तुकड्यातून काढलेला नमुना सोबत ठेवलाय. तुझ्या यंत्रावर पुन्हा बघ, तेच येईल. आणि मग ते तू शोधलेलं असेल. माझ्या पत्राआधी तू स्वतः उभी राहून म्हणालीस की माझ्या पेशी चुकीच्या निघाल्या, चाचणी थांबवा, तर लोक तुला फाडून खाणार नाहीत. उलट मान देतील, मला चांगलं ठाऊक आहे, आणि त्याचाही मला हेवा वाटेल, आत्ताच वाटतोय. आयुष्यात मी एकच गोष्ट खरी शोधून काढली, ती या पाकिटात आहे. घे, हीही तूच घे. फक्त घोषणा, निवेदन, तुझे वकील, माझ्यावर ओरडणं, या सगळ्याच्या आधी एक कर. पाकिटाच्या मागे रूलोफच्या डॉक्टरांचा नंबर लिहिलाय. यादी तुझी आहे, ते माझं नाही, तुझंच ऐकतील. केमो सुरू करायची मुदत अजून संपलेली नाही, दोन आठवडे आहेत. आधी तो फोन लाव.

नाइलाजाने, पण तुझीच,
रेन्स्के