लदीनीची सभा झाली

२६ एप्रिल
दुपारी डोळा लागला आणि समुद्र घरात आला. पायाशी येऊन बसला, मांजरासारखा. हाकलला नाही. जागी झाले तर समोर नात, लविना. पेपरात लिहिते ती, सुट्टी काढून आली आहे. म्हणते, "आजी, तू सांग, मी लिहिते. तुझी रोजनिशी." मला अक्षर येत नाही. मी मालवणीत बोलणार, ही त्याची मराठी करणार. काय लिहील ते तिला आणि देवाला ठाऊक.

२७ एप्रिल
लविनाचा लेख छापून आला. वाचून दाखवला. किनाऱ्यावरचे आपण ख्रिस्ती लोक, आपली श्रद्धा, वगैरे. त्यात आपला वाळूतला खुरीस, म्हणजे क्रूसही आहे. मे महिन्यात तिथे मेणबत्त्या लावून गाणं, शेजारचा भिवा खुरसापुढे नारळ ठेवून होड्यांसाठी गाऱ्हाणं घालतो ते, मग सगळ्यांना उकडलेले चणे. ऐकता ऐकता आमचे हे दिसले. तरुण, आणि तसेच बेसूर.
पण या सगळ्याला आपण लदीन म्हणतो, तो शब्द काही आला नाही. म्हटलं, "गो, लदीन खंय गेली?"
"प्रार्थनासभा लिहिलंय आजी. लदीन बाहेरच्यांना कळत नाही."
बरं. कळू दे बाहेरच्यांना.

३० एप्रिल
बाहेरच्यांना कळलं. मोटरसायकलवरून दोघे आले, हातात पेपर. "आजी, प्रार्थनासभा कोण भरवतं? हिंदूंना कोण बोलावतं?"
म्हटलं, "सभा पुढाऱ्यांची रे बाबांनू. आमच्याकडे खुर्चीसुद्धा नसते."
हसले नाहीत. जाता जाता एकाने विचारलं, "यातला भिवा कुठे राहतो?"
मग मीही हसले नाही.

२ मे
भिवा आला. उंबऱ्याबाहेरच उभा. एरवी आत येऊन बिस्किटांचा डबा स्वतःच काढतो, मेला.
"वयनी, झील म्हणता यंदा लदीनीक जाव नको. लोक म्हणतले, भिवो बाटलो."
"अरे, तुजो बापूस नारळ ठेवी हुतो, तो खंय बाटलो?"
"माका ठावक आसा, तुका ठावक आसा. पेपराक ठावक नाय."
मुलाचं ऐकून गेला. लविना आतल्या दाराआड होती. बाहेर आलीच नाही.

४ मे
लविना सकाळभर फोनवर, संपादकाशी. इतक्या शुद्ध मराठीत भांडते की भांडण वाटतच नाही. तो म्हणाला म्हणे, शब्द बरोबर आहे, खुलासा कसला? खुलासा दिला तर लोकांना वाटेल काहीतरी लपवलं होतं.
मग माझ्याजवळ येऊन बसली. "आजी, मी खोटं नाही ना लिहिलं?"
"खोटं नाय गो. पण लदीनीत भिवा बसत होता. तुझ्या सभेत त्याला जागा नाही."
रडली. हे लिहू नको म्हणाली. लिही म्हटलं, रोजनिशी माझी आहे.

७ मे
स्वप्न. खुरीस समुद्रातून चाललेला, कमरेएवढ्या पाण्यात. मागे भिवा. मी हाक मारली तर दोघेही वळून बघायला लागले. कोणाला मारली होती ते मलाच आठवेना...
लविनाने नवीन लिहिलंय. पहिली ओळ, "माझा एक शब्द चुकला." पुढे लदीन म्हणजे काय, भिवा कोण, सगळं. पाठवलं. छापतील की नाही, माहीत नाही. कागदावर खरंच तसं आहे का, हेही मला माहीत नाही. वाचताना आवाज कापत होता, म्हणून मानलं.

१० मे
लदीन झाली. माणसं कमी. पेपरात अजून काही आलेलं नाही. सूर्य बुडाला, पाणी आणि आभाळ एकच दिसायला लागलं. गाणं संपलं. गाऱ्हाण्याची वेळ झाली आणि भिवा नाही. सगळे वाळूकडे बघत उभे. शेवटी मीच पुढे झाले. बाईने घालायचं नसतं म्हणतात, आणि मी तर ख्रिस्तांव. पण खुरसाने काही तक्रार केली नाही.
"बा देवा म्हाराजा, होडये सांभाळ, पोराबाळांक सांभाळ. आणि जेका येवचा हुता पण येवक गावला नाय, तेकापण सांभाळ रे म्हाराजा!"
"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.
आणि मागे, ओढून ठेवलेल्या होड्यांकडून, जरा उशिराने, आणखी एक "व्हय म्हाराजा."
लविना तिकडे जायला निघाली. मी तिचा हात धरून ठेवला.
आता लिहिता लिहिता विचारते, "भिवाच होता, असं लिहू?"
"तुका दिसलो?"
"नाही."
"मगे आवाज इलो, इतक्याच लिव."