केविनच्या झोळीची चाचणी

खडकी, पुणे
१८ फेब्रुवारी २०१३

प्रिय इंदूस,
कांताचा सप्रेम जयभीम.

सगळ्यांत आधी यमुनाबाई आल्या. वेळ ठरली होती पाचची आणि बाई साडेतीनला हजर. त्याही एकट्या, त्याही मागच्या गल्लीने, आणि मी त्या वेळी मागच्या दारच्या चिंचेला लटकलेली. थांब, हे मधूनच सुरू झालं. आधी विचारायचं ते विचारते. तुझे गुडघे कसे आहेत? कानाचं यंत्र कानात घालतेस की अजून पानाच्या डब्यातच ठेवतेस? बार्शीला पाणी रोज येतं की दिवसाआड? आमच्याकडे सगळे खुशाल. दीक्षा म्हणते, आजी, फोन कर की सरळ, आता पत्र कोण लिहितं. पण फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं निम्मं तू भलतंच ऐकतेस. शिवाय पंचावन्नाव्या वर्षी साक्षरतेच्या वर्गात बसून जोडाक्षरांशी झटापट केली, ती काय फक्त रेशनच्या कार्डावर सही करायला? (ऱ्हस्व-दीर्घ चुकलं असेल तर सुधारून वाच. तुला तरी कुठे येतंय म्हणा.)

तर यमुनाबाई म्हणजे दीक्षाला ज्या मुलाचं स्थळ आहे, त्याची आजी. मुलगा धम्मदीप, राहणार वाघोली, नोकरीला दीक्षाच्याच कॉम्प्युटरच्या कंपनीत. स्थळ कुणी आणलं असं विचारू नकोस. ते दोघांनीच आणलंय, आपण फक्त बघायचा कार्यक्रम करायचा. पोरगा चांगला आहे, मला वाकून जयभीम करतो आणि चहाचा कप स्वतः विसळून ठेवतो. पण त्या घरात यमुनाबाईंनी मान हलवल्याशिवाय पंखासुद्धा फिरत नाही म्हणे. दोन मुली नापसंत केल्यात त्यांनी. म्हणून आमच्या सूनबाईने आठवडाभर आधी मला बसवून शिकवलं होतं, की आई, पहिल्या भेटीत तीन गोष्टी बोलायच्या नाहीत. दीक्षाची भाकरी गोल होत नाही हे बोलायचं नाही. ती लग्नानंतर नोकरी सोडणार नाही हे बोलायचं नाही. आणि मार्चमध्ये कंपनी तिला सहा महिने अमेरिकेला पाठवतेय हे तर अजिबात नाही, ते मुलगा स्वतः घरी सावकाश सांगणार आहे. मी म्हटलं, मी तर तोंडच उघडत नाही बाई. यावर आमचा संजय कारण नसताना हसला.

आता चिंचेवर का चढले ते. दीक्षाच्या कंपनीत अमेरिकेतला एक साहेब आहे, केविन नावाचा. आपल्याकडे साहेब सुट्टीत गावी जातो, हा सुट्टीत झाडावर जातो. धनुष्यबाण घेऊन. हरणाची शिकार करतात तिकडे, सरकारी परवाना काढून. त्यासाठी एक खोगीर असतं, घोड्याचं नव्हे, माणसाचं. म्हणजे बैठकीखाली रुंद पट्टा, पट्ट्याच्या दोन्ही टोकांना फासे, फाशांतून पुढे दोर, तो दोर झाडाच्या बुंध्याला. पाय बुंध्याला लावायचे आणि मागे रेलून लटकत बसायचं, दिवसभर. मी त्याला झोळी म्हणते. केविनला ती स्वतः शिवायची हौस आली, त्याने शिवली, आणि ती बसल्याबसल्या उसवून तो चिखलात पडला. (फार उंचावर नव्हता. हरणाने पाहिलं म्हणे.) तेव्हा आमच्या दीक्षाने त्याला सांगितलं, की माझ्या आजीने बावीस वर्षं फौजेचे पट्टे आणि पिशव्या शिवल्यात, तिची शिलाई अजून कुणाचा बाप उसवू शकलेला नाही. हे तिने इंग्रजीत कसं सांगितलं देव जाणे. पण मापं आली, फोटो आले, आणि इंदे, रिटायर होऊन अकरा वर्षांनी तुझ्या कांताला अमेरिकेतून काम आलं!

पण माझं मन अडलं. रोज सकाळी पंचशील म्हणायचं, पाणातिपाता वेरमणी म्हणायचं, म्हणजे जीव घेणार नाही म्हणायचं, आणि दुपारी बसून शिकाऱ्याची झोळी शिवायची? दोन दिवस मशीनवरचं कापड काढलं नाही. शेवटी दीक्षाला म्हटलं, विचार त्याला, आजवर हरणं मारलीस किती. उत्तर आलं, की सहा वर्षं झाडावर बसतोय, एकही नाही. एकदा बाण सोडला तो परत सापडलासुद्धा नाही. पहाटे झाडावर जायचं, गप्प बसायचं, हरणं येतात ती बघायची, संध्याकाळी उतरायचं. मी म्हटलं, अगं, याला शिकार कोण म्हणतं, हा तर ध्यानाला बसतो! अशा माणसाला पडू देणं हेच पाप. घातला दोरा सुईत.

आणि काय शिवली म्हणून सांगू! रविवार पेठेतून चार बोटांची नायलॉनची निवार आणली, बैठकीला दुपदरी कॅनव्हास, गिर्यारोहकांची लोखंडी कडी दीक्षाने आणली. प्रत्येक जोडावर आपली चौकट आणि चौकटीत फुली. तू शिकवलेली, कोपऱ्यावर सुई खाली ठेवून कापड फिरवायचं ती. हात थरथरतात आता, पण मशीनवर पाय पडला की हातांना आपोआप लाज वाटते बघ, सरळ होतात. दोरा मात्र आपल्या खात्यातला जुना हिरवा, माझ्याकडची शेवटची गुंडी. (या दोऱ्याचं पुढे येणार आहे, लक्षात ठेव.)

झोळी झाली. आता आपली खोड तुला माहीत आहे. चाचणी झाल्याशिवाय माल दाराबाहेर जाऊ द्यायचा नाही. आणि चाचणी घेणार कोण, तर लाल शिक्का! होय, तेच आपल्या खात्यातले निरीक्षक, नापास मालावर लाल शिक्का मारणारे. बद्रीनाथ साहेब. अजून आहेत, पुढच्याच गल्लीत राहतात, पंच्याऐंशीला टेकलेत आणि तरी ताठ. तुझे एकदा चाळीस पट्टे एका टाक्यासाठी परत पाठवले होते आणि तू जेवणाच्या सुट्टीत रडली होतीस, तेच. मी झोळी दाखवली तर नमस्कार नाही, चमत्कार नाही, म्हणाले, रविवारी दुपारी तीनला वेळ आहे, सोमवारी मुलीकडे नाशिकला चाललोय. मी हिशेब केला, तीन ते साडेतीन चाचणी, पाचला पाहुणे, मध्ये साडी बदलायला रग्गड वेळ.

साहेब आले तीनला, पण वीस मिनिटं नुसती भिंगातून शिलाई बघत होते. सूनबाई फुलं आणि दूध आणायला बाजारात, दीक्षा पार्लरमध्ये, संजय पेढ्यांना. आदल्या दिवशी वाळूची पोती टांगून वजनाची चाचणी झालीच होती, केविनच्या दुप्पट वजनाची. आता माणसाची राहिली होती. आठवतं ना, नग माणसाने अंगावर घालून पुरा अर्धा तास, मध्ये सोडला तर नग नापास. साहेब म्हणाले, निरीक्षक स्वतः बसत नसतो. म्हणून मी बसले. नऊवारी असती तर प्रश्न नव्हता, पाचवारीचाच काष्टा मारला, स्टुलावर चढले, कडी अडकवली, मागे रेलले. जमिनीपासून चार-साडेचार फूट असेन. आणि इंदे, खरं सांगते, झोपाळ्याची मजा त्याच्यापुढे काहीच नाही! पाठ इतकी मोकळी झाली की मला केविन कळला. तेवढ्यात साहेबांनी खालचं स्टूल काढलं. म्हणाले, स्टूल खाली असेल तर ती चाचणी नव्हे, ते नुसतं बसणं. आणि त्याच स्टुलावर स्वतः बसले, हातात घड्याळ.

अशात गल्लीच्या तोंडाशी रिक्षा थांबली. पांढरं पातळ, काठी, डोक्यावर पदर. वाघोलीचा रस्ता नेमका त्याच दिवशी मोकळा मिळाला. बाकीची मंडळी इतक्या लवकर कसं जायचं म्हणून रसवंतीत बसून राहिली, पण यमुनाबाई म्हणाल्या, मुलीचं घर पाच वाजता सगळेच बघतात, मी साडेतीनला बघते. (हे त्यांनीच मला नंतर सांगितलं, अजिबात न लाजता.) त्या झाडाखाली आल्या, वर बघितलं, आणि विचारलं, "कांताबाई इथंच राहतात का?" मी काय सांगू! म्हटलं, राहते तिकडे, सध्या इथे आहे. साहेबांना म्हटलं, अहो, पाहुण्या आल्यात, विहीणबाई होतील उद्या, स्टूल द्या. तर म्हणाले, "वीस मिनिटं राहिलीत. पाहुण्यांना घाई असेल तर त्यांनी पाचला यावं, तुम्ही तीच वेळ दिली होती ना?" मला वाटलं, आता बाई मागच्या मागे परत जातात आणि पोरीचं लग्न या झाडालाच टांगतं. दीक्षा गेला महिनाभर आरशासमोर उभी राहून यमुनाबाईंना काय बोलायचं याची तालीम करत होती गं.

पण बाई काही गेल्या नाहीत. पारावर टेकल्या, काठी आडवी ठेवली आणि विचारायला लागल्या. आता माझं बघ. घरात असते तर उठले असते, पाणी आणलं असतं, चहा टाकला असता, उत्तर टाळायला घरात हजार कामं असतात. लटकलेल्या माणसाने कुठे पळायचं? त्यांनी विचारलं, भाकरी येते का मुलीला? मी म्हटलं, येते, पण महाराष्ट्राच्या नकाशासारखी. कोकण जरा जास्तच लांब. नोकरी सोडणार का? म्हटलं, नाही सोडणार, मीसुद्धा सोडली नव्हती, आमच्या यांनी सोड म्हटलं तेव्हा त्यांनाच आठ दिवस डबा करायला लावला. आणि मग, इंदे, त्यांनी काही विचारलंसुद्धा नव्हतं, तरी माझ्या तोंडून अमेरिकापण निघून गेली. सहा महिने. मार्चमध्ये. ही झोळी तीच घेऊन जाणार. तिन्ही गोष्टी! सूनबाईने ज्या क्रमाने सांगितल्या होत्या त्याच क्रमाने! मी डोळे मिटून घेतले. साहेब तेवढे म्हणाले, "अकरा मिनिटं."

यमुनाबाई उठल्या, झाडाभोवती फिरल्या, झोळीच्या शिलाईवर बोट फिरवलं. विचारलं, हे तुम्ही शिवलं? म्हटलं, होय. मग म्हणाल्या, लहानपणी मी वाघोलीच्या माळावरच्या चिंचांवर चढायचे, शेंड्यावरच्या चिंचा माझ्याशिवाय कुणाला मिळायच्या नाहीत. लग्न झालं आणि सासूने सांगितलं, आता झाड खालून बघायचं. पन्नास वर्षं खालून बघतेय. एवढंच म्हणाल्या. जास्त नाही आणि कमी नाही. माझी अकरा मिनिटं संपली, साहेबांनी स्टूल लावलं, मी उतरले. आणि बाई म्हणतात, "मी बसून बघू का?"

पुढचं तुला दिसतच असेल. पाचला उत्तरेश्वरराव (म्हणजे धम्मदीपचे वडील), त्याची आई आणि धम्मदीप, सगळे पेढ्याचा पुडा घेऊन, माना खाली घालून आले. रसवंतीत तीन-तीन ग्लास प्यायल्यामुळे बिचाऱ्यांना चहाही नको होता. तोपर्यंत दीक्षा, संजय, सूनबाईही परतले होते आणि झाडाखाली ओळीने उभे होते, ग्रुप फोटोला असावेत तसे. वर यमुनाबाई. पायातल्या चपला काढून, पाय बुंध्याला लावून, डोळे अर्धवट मिटून. (तिसरी खेप होती. दोनदा उतरल्या आणि पुन्हा चढल्या.) उत्तरेश्वरराव किंचाळले, "आई, उतर आधी!" तर बद्रीनाथ साहेब घड्याळाकडे बघत म्हणाले, "बावीस मिनिटं. नवीन माणूस, नवीन चाचणी. आपण ओरडू नका, नग हलतो." मग काय करणार? चटया बाहेर आल्या, शंकरपाळी बाहेर आली, दीक्षाने पहिला चहा वर हात करून यमुनाबाईंना दिला. महिनाभर पाठ केलेलं सगळं विसरली पोरगी, नुसतं म्हणाली, "आजी, बशी देऊ का?" यमुनाबाई म्हणाल्या, "बशी नको, दोराला धर."

साहेबांनी जाताना झोळी उलटी-पालटी केली, खिशातून पेन काढलं आणि आतल्या पट्टीवर लिहिलं, पास. निळ्या शाईने! बावीस वर्षांत माझ्या एकाही नगावर त्या माणसाने तोंडाने बरं म्हटलं नाही. मी आत जाऊन पदराने डोळे पुसून आले एवढंच. तुझ्या चाळीस पट्ट्यांचं विचारायचं राहून गेलं, रागावू नकोस.

असो. मुलांना आशीर्वाद, सुनेला सांग मी तिच्या लसणाच्या चटणीची आठवण काढते, आणि गुडघ्याला तेल लाव, नुसतं पत्र वाचून ते बरे होत नाहीत.

तुझी,
कांता

ता. क. तिन्ही गोष्टी मीच बोलले हे सूनबाईला कळलेलं नाही. ती समजते पाहुण्यांनी विचारलंच नाही, आणि स्वतःच्या शिकवणीवर खूश आहे. तू कधी बोललीस तर बघ.

ता. क. २. आता खरं काम. त्या हिरव्या दोऱ्याच्या दोन गुंड्या रिटायर होताना तू डब्यात घालून घरी नेल्या होत्यास. मी पाहिलं होतं. बद्रीनाथ साहेबांनीही पाहिलं होतं, त्यांनी कालच सांगितलं. म्हणजे तुझ्यावरही एक शिक्का त्यांनी मारायचा ठेवला होता हो. तर त्या गुंड्या घेऊन ये. पोस्टाने पाठवू नकोस, स्वतः ये, कारण यमुनाबाईंसाठी दुसरी झोळी शिवायची आहे आणि चौकटीतली फुली तुझ्यासारखी अजून कुणाला जमत नाही. मापं घेतलेली आहेत, साहेब चाचणीला नाशिकहून परत येतायत.

ता. क. ३. एवढं सगळं लिहिलं आणि पसंती आली का, तेच राहिलं. तोंडाने नाही आली. निघताना यमुनाबाईंनी झोळीची घडी घातली, बगलेत मारली आणि म्हणाल्या, माळावरच्या चिंचेवर एकदा बसून परत देते. केविनची झोळी, अमेरिकेची, गेली वाघोलीला! दीक्षाचं तोंड बघण्यासारखं झालं. मी दारापर्यंत गेले, म्हटलं, दहा मार्चला पोरीचं विमान आहे बाई, वेळेवर येईल ना? तर यमुनाबाईंनी माझ्या हातावर हात ठेवला. इंदे, तू आणि मी एकमेकींचा डबा परत देताना कधी रिकामा दिलाय का? त्याही तेच म्हणाल्या, दुसऱ्याची वस्तू रिकामी परत करायची आमच्यात पद्धत नाही, झोळीत साडी, नारळ आणि साखर घालूनच आणते. आम्ही सगळे येतो. रविवारी, तीन मार्चला. आणि साडेतीनलाच.